वेगळा म्युझिक प्लेअर घ्यायचाय? जीबी नंतर मोजा, गाणी कुठून येणार ते आधी ठरवा

दुकानात गेलं की पहिला प्रश्न असतो, 'किती जीबीचा दाखवू?' खरं तर हा प्रश्न तिसरा-चौथा यायला हवा. आधी पाहायचं ते हे की गाणी येणार कुठून. घरात सीडी, कॅसेट, संगणकावर साठवलेल्या फायली आहेत का? की सगळं ऐकणं एखाद्या ॲपच्या वर्गणीवर चालतं? की ऐकणाऱ्याला फायली, फोल्डर या भानगडीतच पडायचं नाही, बटण दाबलं की गाणं लागलं पाहिजे? या तीन घरांसाठी तीन वेगळी यंत्रं आहेत. एकासाठी बनलेलं दुसऱ्याच्या हाती दिलं की महिन्याभरात ते कपाटात जातं.

जीबीचा हिशोब मात्र एकदा नीट समजून घ्यावा. १२८ केबीपीएसची (सेकंदाला किती हजार बिट, म्हणजे गुणवत्तेचं माप) एमपीथ्री मिनिटाला साधारण १ एमबी घेते, ३२० केबीपीएसची २.४ एमबी. पाच मिनिटांचं गाणं धरलं तर अनुक्रमे सुमारे ५ आणि १२ एमबी. सीडीवरून फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीही न फेकणाऱ्या फाईलमध्ये, उतरवलं तर तेच गाणं २५ ते ३५ एमबी होतं. म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात ३२० केबीपीएसची अडीच हजारांवर गाणी बसतात आणि फ्लॅकची हजारभर. (कार्ड संगणकाला लावल्यावर ३२ ऐवजी २९.८ दिसतात, ती फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या.) पाकिटावर '५,००० गाणी' असं छापलेलं असलं, तरी त्यामागे कुठली गुणवत्ता आणि किती मिनिटांचं गाणं धरलंय ते पाहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. ॲपलने २००१ मध्ये पहिल्या आयपॉडच्या ५ जीबीत हजार गाणी बसवली, ती १६० केबीपीएसने. पाऊण तासाचा ख्याल ३२० केबीपीएसला एकटाच १०८ एमबी खातो. शास्त्रीय ऐकणाऱ्यांनी गाण्यांची संख्या सोडून तास मोजावेत. उलट प्रवचन, कीर्तन, पुस्तकवाचन मोनो ६४ केबीपीएसला पुरेसं स्पष्ट ऐकू येतं आणि तासाला २९ एमबीत भागतं.

एक खोड बऱ्याच जणांना असते. १२८ ची फाईल संगणकावर ३२० करून घ्यायची. जागा अडीचपट जाते, आवाज होता तिथेच राहतो. फाईल दाबून लहान करताना जे फेकलं गेलं ते परत येत नाही.

आधी भरून मिळणारं यंत्र

सारेगामाचा कारवाँ २०१७ मध्ये आला. ५,००० गाणी आतच भरलेली, समोर गायक-संगीतकारांच्या नावांची फिरकी, शिवाय एफएम, पेन ड्राइव्ह आणि ब्लूटूथ. त्याची मराठी गाण्यांची आवृत्तीही मिळते. खिशात मावणारा कारवाँ गो ३,००० गाण्यांचा आहे. आई-वडिलांना किंवा आजीला द्यायचा असेल तर मोठ्या कारवाँला तोड नाही. बटणं मोठी आहेत, आवाज खोलीभर जातो, नेट लागत नाही.

पण घेण्याआधी दोन गोष्टी माहीत हव्यात. आतली गाणी सारेगामाच्या, म्हणजे जुन्या एचएमव्हीच्या, संग्रहातली आहेत. दुसऱ्या कंपनीने काढलेलं आवडतं गाणं आत नसेल, आणि भरलेल्या यादीत ते घुसवताही येत नाही. ते पेन ड्राइव्हवरूनच लावावं लागतं. सोबत गाण्यांची पुस्तिका येते, ती दुकानातच चाळा आणि हवीच असलेली दहा गाणी शोधा. सात सापडली तर घ्या. दुसरं म्हणजे फिरकीने गायक निवडता येतो, गाणं नाही. नेमकं एकच हवं असेल तर 'पुढे-पुढे' दाबत बसावं लागतं. रेडिओसारखं ऐकणाऱ्याला हे खटकत नाही. 'तेच लाव' म्हणणाऱ्याला फार खटकतं.

स्वस्त क्लिपवाले प्लेअर

दोन-तीनशे रुपयांपासून दीड-दोन हजारांपर्यंतचे हे प्लेअर. सकाळच्या फेरफटक्याला शर्टाला अडकवले, पडले तरी हळहळ नाही. अगदी स्वस्तात पडदा नसतो आणि आतली साठवणही नसते, कार्ड तुमचंच. सगळ्यात जास्त तक्रारी याच गटात येतात. त्यातल्या निम्म्या यंत्र खराब असल्यामुळे येत नाहीत, गाणी भरण्याच्या पद्धतीमुळे येतात.

पहिली तक्रार: गाणी क्रमाने लागत नाहीत. फायलींना ०१, ०२ असे आकडे दिलेत, संगणकावर क्रम बरोबर दिसतो, प्लेअर मात्र ०७ नंतर ०३ लावतो. कारण हे यंत्र नाव वाचतच नाही. फाईल कार्डावर ज्या क्रमाने लिहिली गेली त्या क्रमाने वाजवतं, आणि शंभर फायली एकदम ओढून टाकल्या की तो क्रम तुमच्या आकड्यांप्रमाणे राहीलच असं नाही. उपाय सोपा आहे. कार्ड फॉरमॅट करा, एक-एक फोल्डर क्रमाने टाका, आणि शेवटी लिनक्सवर फॅटसॉर्ट किंवा विंडोजवर ड्राइव्हसॉर्ट चालवून कार्डावरची यादी नावाप्रमाणे लावून घ्या. पुढे एक जरी गाणं वाढवलं तरी हे परत करायचं.

दुसरी: ६४ जीबीचं कार्ड 'एरर' दाखवतं. ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डं कारखान्यातूनच एक्सफॅट पद्धतीने येतात आणि जुने, स्वस्त प्लेअर फॅट३२ एवढंच ओळखतात. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत एवढ्या मोठ्या कार्डाला फॅट३२ चा पर्याय दिसत नाही. रूफससारख्या मोफत साधनाने ते होतं. पण खोक्यावर '३२ जीबीपर्यंत' लिहिलं असेल तर ही उठाठेव करू नका, ३२ चंच कार्ड घ्या.

तिसरी तक्रार मराठी माणसाची खास. फाईलला देवनागरीत नाव दिलं की पडद्यावर चौकोन किंवा प्रश्नचिन्हं येतात. काही प्लेअर देवनागरी दाखवतात, पण 'किती' लिहिलं तर पहिली वेलांटी क च्या उजवीकडे, भलत्याच बाजूला जाऊन बसते, आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. अक्षरं आहेत, ती जुळवण्याची अक्कल यंत्रात नाही. अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्लेअरांना ही अडचण येत नाही. स्वस्तात नावं रोमन लिपीत आणि आखूड ठेवणं हाच मार्ग. टॅग (फाईलच्या आत लिहिलेली गाण्याची, गायकाची नावं) भरायचे तर एमपीथ्रीटॅग या साधनात आयडीथ्री या टॅग-पद्धतीची २.३ आवृत्ती आणि यूटीएफ-१६ निवडा. मॅकवरून गाणी भरत असाल तर आणखी एक गंमत होते. प्रत्येक गाण्यासोबत टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी एक लपलेली फाईलही कार्डावर जाते. प्लेअर तिला गाणं समजतो, सेकंदभर गप्प बसतो आणि पुढे सरकतो. टर्मिनलमध्ये डॉट क्लीनची (dot_clean) आज्ञा कार्डावर चालवली की हा प्रकार थांबतो.

टाइप-सी असूनही चार्ज होत नाही, अशीही तक्रार असते. दोन्ही बाजूंनी सी असलेली केबल लावली की चार्जर आधी समोर यंत्र आहे का ते तपासतो. त्यासाठी यंत्रात दोन छोटे रेझिस्टर लागतात. पैसे वाचवायला ते गाळलेले असतात, मग चार्जर वीज सोडतच नाही. जुनी, एका बाजूला चपटा यूएसबी असलेली केबल लावा, काम होतं.

प्रवचनं किंवा लांब रेकॉर्डिंग ऐकणाऱ्याने दुकानात एक चाचणी करावीच. तासाभराची फाईल मध्यावर नेऊन प्लेअर बंद करा, परत चालू करा. तिथूनच सुरू झाली तर ठीक. पहिल्यापासून सुरू झाली तर तो प्लेअर ठेवून द्या, बाकी काहीही चांगलं असलं तरी. ४७ व्या मिनिटापर्यंत बटण दाबून धरण्याचा कंटाळा आठवड्यातच येतो.

इको मिनी की वॉकमन

स्वतःच्या फायली आहेत आणि आवाजाची चाड आहे, असे लोक बहुतेकदा या दोघांत अडकतात. वरवर सारखी वाटली तरी यंत्रं फार वेगळी आहेत.

फिओ कंपनीच्या स्नोस्काय शाखेचा इको मिनी दिसायला जुन्या कॅसेट प्लेअरसारखा आहे. बटणांवर चालतो. आत ८ जीबी, वर २५६ जीबीपर्यंतचं कार्ड. फ्लॅक वाजवतो, साधी ३.५ मिमीची आणि बॅलन्स्ड (डाव्या-उजव्या कानाला वेगळा सिग्नल नेणाऱ्या वायरची) ४.४ मिमीची अशी दोन भोकं आहेत, बॅटरी कंपनीच्या हिशोबाने १५ तास. वायफाय नाही, म्हणजे ॲप नाही, स्ट्रीमिंग नाही. ब्लूटूथ आहे, पण एसबीसी या मूळ पद्धतीचंच. वायरवाल्या ईअरफोनसाठी घेत असाल तर पैसे वसूल. ब्लूटूथवरच ऐकणार असाल तर आतल्या दोन चांगल्या डॅक चिप (डिजिटल फाईलचं आवाजात रूपांतर करणाऱ्या) तुमच्या काही कामाच्या नाहीत, कारण मग आवाजाचं रूपांतर तुमच्या ईअरबडमध्येच होतं.

सोनीचा एनडब्ल्यू-ए३०६ हा २०२३ मध्ये आलेला वॉकमन. भारतातली तेव्हाची किंमत २५,९९० रुपये. अँड्रॉइड, ३.६ इंची टचस्क्रीन, वायफाय, वजन ११३ ग्रॅम. आत ३२ जीबी लिहिलेत, पण वापरायला मिळतात सुमारे १८, बाकी अँड्रॉइड खातं. फ्लॅकची सहाशे गाणी भरली की संपलं, त्यामुळे कार्डाचे पैसे किमतीत धरूनच हिशोब करा. ३६ तासांची बॅटरी सोनीच्याच ॲपमध्ये, साठवलेली ४४.१ किलोहर्ट्झची फ्लॅक वाजवताना मिळते. स्ट्रीमिंग आणि वायफाय चालू ठेवून ती अपेक्षा करू नका. ४.४ चं भोक यात नाही. ब्लूटूथला एलडॅक ही सोनीची जास्त माहिती पाठवणारी पद्धत आहे, ९९० केबीपीएसपर्यंत. पण समोरच्या हेडफोनलाही ते हवं, नाहीतर उपयोग नाही.

वर्गणीच्या ॲपवर ऐकणाऱ्याला यातला वॉकमनच चालेल, आणि इथेच सगळ्यात महाग चूक होते. स्पॉटिफायवर 'डाउनलोड' केलेलं गाणं ही तुमची फाईल नसते. ती त्या ॲपबाहेर वाजत नाही, इको मिनीत किंवा क्लिपच्या प्लेअरमध्ये नेता येत नाही, आणि यंत्र ३० दिवसांत एकदा तरी नेटला जोडलं नाही तर ऑफलाइनही बंद पडतं. 'फोनमध्ये हजार गाणी आहेत, तीच त्यात टाकू' म्हणणाऱ्याने आधी फोनचा फाईल मॅनेजर उघडून पाहावं. तिथे एमपीथ्री दिसत नसतील तर त्या फायली तुमच्या हातात नाहीत.

शास्त्रीय आणि नाट्यसंगीत ऐकणाऱ्यांनी दोन्हींत सलग वाजण्याची चाचणी घ्यावी. सीडीवर विलंबित आणि द्रुत अनेकदा दोन वेगळे ट्रॅक असतात, मध्ये तबला चालूच असतो. एमपीथ्रीची फाईल १,१५२ नमुन्यांच्या तुकड्यांत बांधली जाते. शेवटचा तुकडा पुरता भरत नाही, मग उरलेली जागा शांततेने भरली जाते. गाणं बदलताना बारीक खळ पडते आणि ती नेमकी समेवर आली तर डोक्यात जाते. सीडी उतरवतानाच फ्लॅकमध्ये उतरवली तर फाईलमध्ये ही फट नसते. मग खळ पडली तर दोष प्लेअरचा.

जुना आयपॉड

आयपॉड क्लासिक २०१४ मध्ये आणि शेवटचा आयपॉड टच मे २०२२ मध्ये बंद झाला, त्यामुळे आता मिळतो तो जुन्या बाजारातला. चाक फिरवून हजारो गाण्यांतून उतरण्याचं सुख आजही दुसऱ्या कशात नाही. बाकी कटकटी पुष्कळ. क्लासिकमधली हार्ड डिस्क टिकटिकते आहे का ते कानाला लावून ऐका, बॅटरी बदलायची तयारी ठेवा. फ्लॅक तो मुळात वाजवत नाही. एएलएसीत (ॲपलची तशाच गुणवत्तेची फाईल) बदला किंवा रॉकबॉक्स हे मोफत पर्यायी सॉफ्टवेअर टाका. आणि दुसऱ्याच्या संगणकावर सिंक केला तर आतली गाणी पुसून तिथली भरली जातात, विचारतो तेव्हा 'हो' म्हणू नका. छंद म्हणून घ्या.

आणि ड्रॉवरमधला फोन

ईअरफोनचं भोक आणि कार्डाची जागा असलेला जुना अँड्रॉइड फोन घरात पडला असेल तर आधी तो वापरून पाहा. सिम काढा, एअरप्लेन मोड लावा, म्युझिकोलेट टाका. हे ॲप नेटची परवानगीच मागत नाही. देवनागरी नीट दिसते, फ्लॅक वाजतं, खर्च फक्त कार्डाचा. बॅटरी फुगलेली असेल, म्हणजे मागचं झाकण वर आलेलं किंवा पडदा कडेला उचललेला असेल, तर मात्र तो चार्जिंगला लावूच नका.

एफएम हवं असेल तर लक्षात ठेवा, छोट्या प्लेअरांत वायरवाल्या ईअरफोनची वायरच अँटेना असते. ब्लूटूथ ईअरबडवर स्टेशन धरत नाही. आणि आकाशवाणीची मध्यम लहरींवरची केंद्रं एफएमवाल्या यंत्रावर लागत नाहीत. ज्यांना ती हवीत त्यांनी रेडिओच घ्यावा. ब्लूटूथ स्पीकरबद्दलही असाच घोळ होतो. कार्ड वाजवणारा स्पीकर सहसा ब्लूटूथवरून आवाज घेतो, पाठवत नाही. त्याला ईअरबड जोडता येत नाहीत.

यंत्र कुठलंही घ्या, कार्ड तपासून घ्या. निम्म्या किमतीत मिळणारं ५१२ जीबीचं कार्ड आतून ३२ चंच असू शकतं. ते ५१२ असल्याचं सांगतं, गाणी भरूनही घेतं, आणि जागा संपली की नवी गाणी जुन्यांवर लिहितं. यादीत सगळी नावं दिसतात, पण अर्धी वाजत नाहीत. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, मॅक-लिनक्सवर एफथ्री ही मोफत साधनं कार्ड काठोकाठ भरून परत वाचून पाहतात. १२८ जीबीला दोन-तीन तास लागतात, रात्री लावून ठेवा. परत करण्याची मुदत संपायच्या आत हे करा, आणि तोवर मूळ गाणी संगणकावरून पुसू नका.