बोबडं बोलतंय: थांबायचं की थेरपिस्टला दाखवायचं?

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा होता तेव्हा काकाला 'ताता' आणि रिक्षाला 'लिता' म्हणायचा. सासूबाई म्हणायच्या, थांब गं, याचा बाबाही असाच बोबडा होता, आणि मैत्रीण म्हणायची आजच स्पीच थेरपिस्टकडे ने. दोघींचंही अर्धं अर्धं बरोबर निघालं.

थांबणं चालतं ते असं. क चा त, ग चा द, र चा ल हे लहान पोरांचं नेहमीचंच, क-ग चार वर्षांपर्यंत बहुतेकांना जमतात, र ला त्याहून वेळ लागतो. अंदाज घ्यायचा तर पोर तीन वर्षांचं झालं की बाहेरच्या माणसाला त्याचं साधारण 75 टक्के बोलणं कळायला हवं, चार वर्षांचं झालं की जवळपास सगळं. बाहेरच्याच माणसाला हं, आईला सगळंच कळतं त्यामुळे आई ही एकदम कच्ची परीक्षक. आणि वऱ्हाडात डोळ्याला 'डोया' म्हणतात ती बोली आहे, दोष नाही, त्यासाठी कुठेही जाऊ नका.

पण पोरगं 'ताई'ला 'काई' म्हणत असेल म्हणजे उलटंच होत असेल, 'भात'चा 'आत' करून पहिला आवाजच गिळत असेल, आ-ई-ऊ पण चुकत असतील, एकच शब्द दर वेळी वेगळा येत असेल, नाकातून बोलत असेल किंवा लोकांना कळत नाही म्हणून बोलायचंच टाळत असेल तर वय बघत बसू नका, दाखवा. दाखवलं म्हणजे लगेच थेरपी सुरू होते असंही नाही, कधी कधी नुसतं "चार महिन्यांनी या" सांगतात, म्हणजे थांबणंच, पण कुणीतरी बघितल्यानंतरचं.

कानाची टेस्ट मात्र थांबणार असाल तरी आणि दाखवणार असाल तरी करायचीच. टाळी वाजवली की वळतो म्हणजे ऐकू येतं असं आम्हीही समजत होतो, पण स-श सारखे बारीक आवाज ऐकू न येणारं मूलही टाळीला वळतं, आणि सारखी सर्दी असली की पडद्यामागे पाणी साठून ऐकणं कमी होतं. अगदी लहान असेल तर झोपेत बेरा करतात, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी टेस्ट.

वेखंड उगाळून जिभेला लावून झालं होतं आमचं, क काही आला नाही. जिभेखालचा पडदा कापा असंही कुणीतरी सुचवलं, पण बोबडेपणाचं कारण दर वेळी तो नसतो, आधी तपासणी.

खर्चाचं म्हणाल तर प्रायव्हेटमध्ये दर सेशनचे पैसे जातात पण वेळ सोयीची मिळते, जाण्याआधी थेरपिस्टचं आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्ट्रेशन विचारा. मुंबईत वांद्र्याला वाचा-श्रवणासाठीची अली यावर जंग ही सरकारी संस्था आहे, बाकी जिल्ह्यांत अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या आरबीएसकेच्या (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) टीमला सांगा, ते पुढे पाठवतात आणि ते फुकट असतं. कुठेही गेलात तरी रोजची दहा मिनिटं घरीच द्यावी लागतात.

आमची टेस्ट नॉर्मल आली, क पण आला. रिक्षा अजून 'लिक्षा' आहे, तिला पाचव्या वाढदिवसापर्यंत मुदत दिलीये.