ओकलंड कोलिसियम, ए'जचा शेवटचा सीझन: ग्राउंडला दोन स्टार, पब्लिकला पाच

ओकलंड अॅथलेटिक्स ऊर्फ ए'ज या अमेरिकन बेसबॉल टीमचं ग्राउंड म्हणाल तर फालतूच होतं. १९६६ चा काँक्रीटचा ठोकळा, ड्रेनेज तुंबून ड्रेसिंग रूममध्ये घाण पाणी यायचं हे सगळ्या अमेरिकेला माहीत, २०२३ ला तर पाहुण्या टीमच्या कॉमेंट्री बूथमध्ये पोसम राहायला आला होता (उंदराचा धिप्पाड चुलत भाऊ समजा). त्यात ९० च्या दशकात रेडर्स फुटबॉल टीमला परत आणायला सेंटर फील्डच्या मागे एवढा प्रचंड स्टँड उभा केला की मागच्या टेकड्याच दिसेनाशा झाल्या, आणि ते रेडर्स २०२० ला लास वेगासला निघूनही गेले!

तरी बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) बेसबॉल बघायचा तर २०२४ मध्ये मी कुणालाही इथेच जा म्हणालो असतो. फ्रीमाँटहून बार्टने (इथली लोकल ट्रेन) थेट कोलिसियम स्टेशन, पार्किंगची कटकट नाही, पुलावर बेकन गुंडाळलेले हॉटडॉग कांद्यासकट तव्यावर चरचरत असायचे, आणि राइट फील्डच्या बाकांवर ती ढोलवाली मंडळी. टीम हरत असली तरी ढोल चालूच. आपल्या लोकांना तर तिथे लगेच घरच्यासारखं वाटायचं.

आता टीम. २०२३ ला ११२ मॅच हरले होते, २०२४ ला ६९ जिंकले ९३ हरले, म्हणजे वाईटच, पण बघण्यासारखे वाईट. ब्रेंट रूकरने ३९ होमरन (आपल्या सिक्ससारखे) मारले. आणि पिचर मेसन मिलर शेवटच्या इनिंगला बॉल टाकायला यायचा तेव्हा उठून उभं राहायचं, शोएब अख्तरचा तो १६१.३ चा रेकॉर्ड आहे ना, तेवढा स्पीड हा पोरगा रोजच्या कामात टाकायचा. अर्थात पिचिंग आणि बोलिंग वेगळं, भांडू नका.

शून्य स्टार फक्त मालकाला. जॉन फिशर. ओल्सन, चॅपमन, मर्फी असे चांगले प्लेअर एकेक करून दुसऱ्या टीमना दिले, पगाराचं बजेट पार तळाला नेलं आणि वर ओकलंडमध्ये पब्लिक येत नाही म्हणून बोंब, अरे बघायला ठेवलंय काय तुम्ही? पब्लिक येतं हे लोकांनी दाखवलंही, १३ जून २०२३ ला मंगळवारी रात्री ठरवून २७,७५९ जण आले, हिरव्या टीशर्टवर एकच शब्द, सेल, म्हणजे विकून टाक बाबा. नाही विकली, उलट लास वेगासला न्यायचं ठरवलं. ही फ्रँचायझी आधी फिलाडेल्फिया सोडून १९५५ ला कॅन्सस सिटीला गेली, तिथून १९६८ ला ओकलंडला आली, त्यामुळे सवयच म्हणायची, पण ओकलंडने टीमला चार वर्ल्ड सिरीज (बेसबॉलची सगळ्यात मोठी ट्रॉफी) जिंकताना बघितलंय, त्यांच्याशी असं वागायचं?

२६ सप्टेंबर २०२४ ची शेवटची होम मॅच: ४६,८८९ लोक, टीमचे जुने स्टार रिकी हेंडरसन आणि डेव्ह स्टुअर्टच्या हातून पहिले बॉल, रेंजर्सवर ३-२ ने विजय. नंतर मॅनेजर (म्हणजे कोच) मार्क कॉट्सेने माईक घेऊन लोकांचे आभार मानले आणि सगळ्यांकडून लेट्स गो ओकलंड म्हणवून घेतलं. रिकी त्याच डिसेंबरमध्ये वारलाच.

टीम २०२५ पासून वेस्ट सॅक्रामेंटोच्या मायनर लीगच्या (खालच्या पातळीच्या टीमच्या) छोट्या ग्राउंडवर खेळतेय, नावात कुठलंच शहर नाही, फक्त अॅथलेटिक्स, वेगासचं स्टेडियम होईपर्यंत. त्यांच्यासाठी तेवढी ड्राइव्ह मी तरी करणार नाही. कोलिसियमवर मात्र जून २०२५ मध्ये मेजर लीग क्रिकेट झालं आणि फिन अॅलनने एकाच इनिंगमध्ये १९ सिक्स ठोकले, त्याच गवतावर! बेसबॉलच हवा असेल तर वेस्ट ओकलंडमध्ये रायमंडी पार्कला ओकलंड बॉलर्स ही टीम बघा, ए'ज जाणार म्हटल्यावर ओकलंडच्याच लोकांनी काढलेली, छोटीशी, २०२५ ला लीगही जिंकली, आणि फॅन लोकांचे त्यात शेअर्स आहेत.