मांगे मांगे चालणारा पेटीवाला : टॉमी फ्लॅनगनच्या चार रेकॉर्ड

मे महिन्यात खान्देशात एलपी रेकॉर्ड मागवू नका, हे आधी सांगून टाकतो. टॉमी फ्लॅनगन या जॅझ पियानोवाल्याच्या या चारपैकी एक मी स्वतः पैसे मोजून मागवली, अठ्ठावीसशे रुपये. कुरिअरवाला दुपारी दोनला आला. आम्ही सगळे कूलरसमोर आडवे, कडी वाजलेली कोणाला ऐकू आली नाही. त्याने खोकं ओट्यावर ठेवलं आणि निघून गेला. साडेचारला दार उघडलं तेव्हा ऊन थेट ओट्यावर आलेलं. आतून तबकडी निघाली ती तळलेल्या पापडासारखी, एक कड वर, एक खाली. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं की हवामानाची जबाबदारी आमची नाही. खरंय म्हणा. ४५ अंशांची जबाबदारी अमळनेरात कोणीच घेत नाही.

बाकीच्या तीन भाच्याच्या. तो पुण्याहून जर्मनीला गेला, तेव्हा रेकॉर्ड प्लेअर, दोन स्पीकर आणि या तीन रेकॉर्ड आमच्या माडीवर ठेवून गेला. म्हणाला, "मामा, तुम्ही जन्मभर दुसऱ्यांची साथ केली. या पियानोवाल्याला लक्ष देऊन ऐका. पुढे कोण वाजवतंय ते सध्या सोडा."

मी पेटी वाजवतो. तहसील कचेरीत नोकरी केली आणि संध्याकाळी भजनाला, कीर्तनाला, गावात कोणी गायक आला तर त्याच्या मागे पेटी धरली. अमळनेरात विप्रोचे शेअर ज्यांनी जपून ठेवले त्यांचं काय झालं हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. आमच्या अण्णांनी ते विकून माझ्यासाठी पेटी घेतली. तीच अजून वाजते, भाता दोनदा बदलला. तेव्हा हे परीक्षण जॅझच्या जाणकाराचं नाही, त्या पेटीवाल्याचं आहे.

पियानोवाल्याचं नाव टॉमी फ्लॅनगन. १९३० साली डेट्रॉइटला जन्म, वडील पोस्टमन. १९५६ मध्ये न्यूयॉर्कला आला आणि पुढच्या चार-पाच वर्षांत ज्या रेकॉर्डांना आज अभिजात म्हणतात त्यातल्या कितीतरींवर बाजूला बसून वाजवून गेला. पुढे एला फिट्झजेराल्ड या गायिकेबरोबर दोन वेळा मिळून बारा-तेरा वर्षं साथीला होता. २००१ साली न्यूयॉर्कमध्येच गेला. मुखपृष्ठावर बहुतेक दुसऱ्याचंच नाव.

पहिली रेकॉर्ड 'सॅक्सोफोन कोलोसस'. मालक सॉनी रॉलिन्स, सॅक्सोफोन. ड्रमवर मॅक्स रोच, बासवर (खर्जातलं मोठं तंतुवाद्य) डग वॉटकिन्स. २२ जून १९५६ या एका दिवसात ध्वनिमुद्रण झालं, न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक गावी रूडी व्हॅन गेल्डरच्या आईवडिलांच्या घरातल्या बैठकीच्या खोलीत. हा व्हॅन गेल्डर दिवसा डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा आणि उरलेल्या वेळात रेकॉर्डिंग करायचा. हे वाचल्यावर मला तो माणूस एकदम कचेरीतला वाटला.

जॅझची रीत आपल्याला समजायला अवघड नाही. आधी सगळे मिळून धून वाजवतात. मग त्याच आवर्तनावर एकेक जण आपापला विस्तार करतो आणि शेवटी पुन्हा धून. तबल्याच्या एकल वादनाला आम्ही लेहरा, म्हणजे आवर्तन दाखवणारी छोटी धून, धरतो, तसंच पियानोवाल्याने आवर्तनाचं भान धरायचं. फरक इतकाच की आमचा लेहरा तोच तो फिरतो आणि याला मात्र दर मात्रा-दोन मात्रांनी स्वरांचा गुच्छ, म्हणजे एकदम दाबलेले तीन-चार स्वर, बदलावा लागतो. ते सुद्धा पुढच्याच्या वाटेत न येता.

'सेंट थॉमस' ही पहिली धून. सुरुवातीला रोच एकटाच ठेका धरतो आणि मग रॉलिन्स कॅरिबियन बेटांवरची एक चाल घेऊन येतो, त्याच्या आईकडून घरात ऐकलेली. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावर बायका म्हणतात तशी छोटीशी, दोन ओळींत संपून परत सुरू होणारी. माझी आई ८६ वर्षांची आहे, पलंगावर पडून ऐकत होती. या धुनीला तिने बोटांनी पलंगाच्या दांडीवर ठेका धरला. पण मला राहून राहून ऐकावीशी वाटते ती दुसरी, संथ चालीची. रॉलिन्स एक वाक्य म्हणतो, थांबतो, आणि त्या थांबण्यात फ्लॅनगन दोन-तीन स्वर ठेवतो. 'ठेवतो' म्हणतो कारण वाजवतो म्हणणं जास्त होईल. ताटात चटणी वाढतात तसं, कोपऱ्यात, बोटभर. मी चाळीस वर्षं हे करायचा प्रयत्न केला आणि माझी चटणी नेहमी भाजीत गेली.

रेकॉर्ड मोनो आहे, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज. भाच्याला त्याचं वाईट वाटतं, मला नाही. आमच्या मंडळाचा भोंगा मोनोच होता. बासचा आवाज मात्र आमच्या स्पीकरवर दबतो. 'ब्लू सेव्हन' अकरा मिनिटांहून मोठी आहे आणि एकट्या बासनेच सुरू होते. तेव्हा कूलर बंद करावा लागतो आणि मग घरातले ओरडतात.

दुसरी रेकॉर्ड वेस मॉन्टगमरीची, 'द इन्क्रेडिबल जॅझ गिटार ऑफ वेस मॉन्टगमरी', जानेवारी १९६० मध्ये दोन दिवसांत मुद्रित केलेली. हा गिटारवाला नखी वापरत नाही, अंगठ्याने वाजवतो. त्यामुळे स्वराला टोक नाही, गाभा आहे. बास आणि ड्रमवर पर्सी हीथ आणि अल्बर्ट हीथ, सख्खे भाऊ. गिटार आणि पियानो एकत्र म्हणजे खरं तर भांडणाची जागा, कारण दोघंही स्वरांचे गुच्छ वाजवू शकतात. एका बैठकीत दोन पेट्या ठेवून बघा. इथे भांडण होत नाही ते फ्लॅनगनमुळे. मॉन्टगमरी एकेरी स्वरांनी सुरू करतो, मग दोन सप्तकांतला तोच स्वर एकदम लावत जातो, मग सगळा पंजा भरून गुच्छ वाजवतो. तो जसजसा भरत जातो तसतसा पियानो विरळ होत जातो. 'वेस्ट कोस्ट ब्लूज' तीन-तीनच्या चालीत आहे, दादऱ्याची सवय असलेल्या माणसाला लगेच घरचं वाटतं. चारांत मन मोकळं करणारी हीच. शेवभाजीच्या पाहुण्यांसमोर लावली तरी कोणी तक्रार केली नाही.

याच रेकॉर्डच्या वेळी आईने विचारलं, "तुना मानूस कोनता?" मी सांगितलं, आई, तो बघ, मागे पियानो आहे तो. तिने पाचेक मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "हाऊ पेटीवाला ते तुन्हागतच शे रे, दुसराना मांगे मांगेच चालस." मला आधी जरा लागलं. मग रात्री पडल्या पडल्या हसू आलं.

आता तिसरी. हिच्याबद्दल जास्त लिहिणार आहे.

जॉन कोल्ट्रेनची 'जायंट स्टेप्स'. बहुतेक मे १९५९ मध्ये मुद्रित, पॉल चेंबर्स बासवर, आर्ट टेलर ड्रमवर. पहिली धून हीच, रेकॉर्डला तिचंच नाव. सोळा मापांचं (एक माप चार मात्रांचं) आवर्तन आणि त्यात सव्वीस गुच्छ. एवढ्याने काही होत नाही, गोम पुढे आहे. या धुनीत षड्ज एका जागी राहत नाही. पेटीवर करून बघा. सा धरा, मग शुद्ध गंधाराला सा माना, मग कोमल धैवताला सा माना, आणि परत वरच्या सा वर या. तिघांमधलं अंतर अगदी सारखं, म्हणून घर कुठलं तेच कळेनासं होतं. कोल्ट्रेन या तीन षड्जांमध्ये उड्या मारत राहतो, आणि लय अशी की आमचा मृदंगवाला पगडी काढून ठेवील.

कोल्ट्रेन पाण्यासारखा वाहून जातो. मग पाळी येते फ्लॅनगनची. सुरुवातीला तो एकेरी स्वरांच्या ताना घेतो, पण त्या तुटतात. मध्ये फट पडते. पुन्हा एक तुकडा, पुन्हा फट. थोड्या वेळाने ताना सोडूनच देतो आणि नुसते गुच्छ देत राहतो, जागच्या जागी, पण सम चुकवत नाही. मग कोल्ट्रेन परत येतो आणि त्याला सोडवतो. असं सांगतात की कोल्ट्रेनने त्याला आधी गुच्छ दाखवले होते, पण तो हे सगळं बरंच संथ असेल असं धरून चालला होता.

भाच्याने फोनवर सांगितलं की जगभरचे लोक या तुकड्याला हसतात. मी तो सलग चार वेळा लावला आणि मला हसू आलं नाही.

मी चोवीस-पंचवीस वर्षांचा असेन. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा, बोरी नदीच्या पात्रात माणसंच माणसं. बाहेरगावचे एक नामांकित बुवा कीर्तनाला. संध्याकाळी मला म्हणाले, "साधं आहे हो, काळी एक, सावकाशीत घेऊ." रात्री साडेअकराला उत्तररंग रंगला आणि बुवांनी चाल उचलली ती दुप्पट लयीत. दुसऱ्या कडव्याला पट्टी बदलली, तिसऱ्याला पुन्हा बदलली. माझी बोटं पेटीवर शोधत फिरू लागली. एक तान उचलली, मध्येच सोडली. समोरच्या बाया हसल्या, मृदंगवाल्याने माझ्याकडे बघितलं. शेवटी मी बोटं चालवणं बंद केलं, नवा षड्ज कानाने पकडला आणि भाता भरून तेवढाच देत राहिलो. कीर्तन पडलं नाही. बुवा काही बोलले नाहीत, नारळ देताना मात्र माझ्याकडे न बघता दिला.

त्यामुळे फ्लॅनगन ताना सोडून गुच्छांवर येतो ती जागा मला माहीत आहे. हरलेल्या माणसाला वाजवणं बंद करता येतं. साथीदाराला ती सोय नसते, आवर्तन चालूच असतं. रेकॉर्डिंग दुसऱ्यांदा करता येतं तरी हाच तुकडा छापला गेला आणि साठ-पासष्ट वर्षं लोक ऐकताहेत, ही शिक्षा मात्र जरा जास्तच झाली. माझ्या वेळी निदान टेप चालू नव्हता.

त्याच रेकॉर्डवर 'मिस्टर पी. सी.' ऐका, म्हणजे कळेल की बोटं कमी नव्हती. लय तिथेही जोरदार, पण षड्ज जागेवर आहे, आणि गडी सुसाट जातो. एक सूचना: 'नायमा' नावाची संथ, सुंदर धून या रेकॉर्डवर आहे, तिच्यात पियानो फ्लॅनगनचा नाही, विन्टन केलीचा आहे. मी महिनाभर चुकीच्या माणसाचं कौतुक करत होतो.

चौथी म्हणजे ती पापड झालेली. 'ओव्हरसीज'. ही फ्लॅनगनची स्वतःची, फक्त तिघं, विल्बर लिटल बासवर आणि एल्विन जोन्स ड्रमवर. दुसऱ्या एका वाद्यवृंदाबरोबर युरोपच्या दौऱ्यावर असताना स्टॉकहोममध्ये मुद्रित केली, १५ ऑगस्ट १९५७. ध्वजवंदनाची तारीख म्हणून लक्षात राहिली. एल्विन जोन्स इथे काड्या बाजूला ठेवून तारांच्या कुंचल्यांनी वाजवतो. सुपात धान्य पाखडतात तसा सर्र-सर्र आवाज, आणि तरी इतकी ओढ की पाय थांबत नाही.

मला वाटलं होतं मागे चालणारा माणूस पुढे आला की बावरेल. इथे तो कोणालाच वाट देत नाही, सरळ मधून चालतो. डावा हात कमी, उजव्याची वाक्यं लांब आणि शेवटपर्यंत पुरी केलेली. 'एक्लिप्सो' या त्याच्या स्वतःच्या धुनीत तर चक्क खोडकरपणा आहे. 'चेल्सी ब्रिज' संथ आहे. पण ती नेमकी वाकलेल्या कडेजवळ आली असती तर माझी निम्मी मजा गेली असती. सुदैवाने बाहेरच्या एक-दोन धुनींनाच मार बसला. दोन जाड काचांमध्ये ठेवून वर पाटा ठेवला, तीन दिवसांनी थोडी बसली. अजूनही सुरुवातीला सुई होडीसारखी वरखाली होते आणि पियानो दारू प्यायल्यासारखा येतो, पण पुढे सरळ.

घ्यायचीच असेल तर कोणती? नव्याने ऐकणाऱ्याने वेस मॉन्टगमरीची घ्यावी, घरचेही ऐकतील. गाण्याची साथ करणाऱ्याने 'सॅक्सोफोन कोलोसस' घ्यावी आणि ती संथ धून पेटी समोर ठेवून ऐकावी. 'जायंट स्टेप्स' पहिल्यांदा नको, डोकं दुखेल. फ्लॅनगन मनापासून आवडला असेल तर 'ओव्हरसीज', आणि ती बाकीच्या तिघींहून मला स्वतःला जवळची, वाकडी असून.

एक राहिलं. १९८२ मध्ये, म्हणजे तेवीस वर्षांनी, फ्लॅनगनने कोल्ट्रेनच्या आठवणीत 'जायंट स्टेप्स' याच नावाची स्वतःची रेकॉर्ड केली, बासवर जॉर्ज म्राझ आणि ड्रमवर अल फॉस्टर. तीच धून, तेच तीन षड्ज. मी फोनवर ऐकली. कुठेही फट नाही, आणि कुठे घाईही नाही. आईला फोन कानाशी धरून ऐकवली तर म्हणाली, "आते पुढे चालस."

ती मागवणार आहे, पण दिवाळीनंतर. कुरिअरवाल्याला सांगून ठेवलंय, ओट्यावर ठेवू नको, शेजारी दे.