मरळीसाठी कास्टिंग रॉड : हेवी घ्यावा की मीडियम हेवी?

बेटकास्टिंग रील, म्हणजे दांड्याच्या वर बसणारं आणि फेकताना ज्याचं दोर गुंडाळलेलं स्पूल फिरतं ते रील, घेऊन झालं, आता त्याला जोडीचा रॉड हवा, आणि दिसेल त्या रॉडच्या वर्णनात 'बास' लिहिलेलं. हा बास मूळचा अमेरिकेतला मासा. आपल्या बोडीत (छोट्या तळ्यात), मामा (माजी मालगुजारी) तलावात किंवा वैनगंगेच्या डोहात तो सापडायचा नाही. पण बास जसा पानांच्या आडोशाला दबा धरतो आणि वरून सरकणाऱ्या बेडकावर झडप घालतो, तीच चाल आपल्या मरळीची. म्हणून बाससाठी बनलेले रॉड इथं बिनदिक्कत चालतात.

कोणता घ्यायचा, हे ठरवताना बहुतेक जण आधी माशाचं वजन धरतात. पाच किलोची मरळ लागली तर झेपेल का? झेपेल हो, मोकळ्या पाण्यात साधा रॉडही तिला दमवतो. खरी झटापट तिला बेशरमाच्या झुडपांच्या मुळ्यांतून आणि कमळाच्या देठांतून बाहेर काढताना होते. तेव्हा आधी आपल्या पाण्यात काय उगवलंय ते बघा आणि डब्यातले लूअर, म्हणजे खोटी आमिषं, वजनकाट्यावर ठेवा. रॉड त्यावरून ठरतो.

दांड्यावरचे आकडे वाचताना दोन गोष्टींची गल्लत होते. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो ते : मीडियम, मीडियम हेवी, हेवी. अ‍ॅक्शन म्हणजे तो कुठून वाकतो ते : फास्ट असेल तर शेंड्याकडून, मॉडरेट असेल तर जवळपास मधून. हेवी रॉड मॉडरेटही असतो आणि मीडियम रॉड फास्टही. तिसरा आकडा लूअरच्या वजनाचा, तो औंसात छापलेला असतो. एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम, म्हणजे 'पाव ते पाऊण औंस' लिहिलं असेल तर ७ ते २१ ग्रॅम. माझ्या मते दांड्यावर एवढा एकच आकडा डोळे झाकून पाळावा असा आहे.

आता मुख्य सामना. एका बाजूला सात फुटी मीडियम हेवी फास्ट, दुसऱ्या बाजूला सात फूट किंवा सात फूट तीन इंचांचा हेवी फास्ट, ज्याला 'फ्रॉग रॉड' म्हणून विकतात.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडचे मामा तलाव बघा. उथळ पाणी, कमळ, कुठं शिंगाड्याचे वेल, कडेला बेशरम. दिवाळीच्या सुमारास तलाव भरलेला असतो आणि पानांमध्ये हातभर मोकळी जागा दिसते, तीही नशिबानं. तिथं रबरी पोकळ बेडूक पानावर टाकायचा, हळूच पाण्यात घसरू द्यायचा. पाणी फुटतं, बेडूक नाहीसा होतो. त्या क्षणी हिसका दिला तर बेडूक नुसता उडून पाळीवर (बांधावर) येतो. दोर जड लागेपर्यंत थांबून मगच हिसका द्यायचा. आणि इथंच हेवी रॉड आपली किंमत वसूल करतो. मरळीचं तोंड हाडाचं, बेडकाची गरी जाड आणि दुहेरी. रबर दबून गरी उघडी पडायला आणि मग हाडात रुतायला एका दणक्यात जोर जावा लागतो. मऊ रॉड तो जोर स्वतःच पिऊन टाकतो. मासा तेवढ्यात देठाला वेढा घालून खाली दडी मारतो. हेवी रॉडवर ५० ते ६५ पौंड ताण सोसणारा ब्रेड (विणलेला) दोर असला की तो दोर ताणाखाली कोवळी देठं कापत जातो आणि मासा पाल्यासकट वर येतो. हो, किलोभर पालाही येतो.

मग सगळ्यांनी हेवीच का घेऊ नये? कारण हाच रॉड मोकळ्या पाण्यात हट्टी वागतो. दहा ग्रॅमचा लूअर लावलात तर शेंडा वाकतच नाही, आणि शेंडा वाकल्याशिवाय फेक जात नाही. मग माणूस ताकद लावतो, स्पूल लूअरपेक्षा जोरात फिरतं आणि रीलमध्ये दोराचं घरटं तयार. त्यात ब्रेड ताणला जात नाही. ताठ रॉड, न ताणणारा दोर आणि प्लगच्या (माशाच्या आकाराच्या कडक लूअरच्या) बारीक तिहेरी गऱ्या असा मेळ झाला की मासा काठाजवळ आल्यावर गरी तोंड फाडून निघते किंवा सरळ होते. शिवाय दुपारपर्यंत मनगट बोलायला लागतं.

मीडियम हेवीची बाजू इथं सुरू होते. अमरावती, यवतमाळ, बुलढाण्याकडं ज्यांचं पाणी म्हणजे धरणाचा दगडी काठ, नाल्याचा तोंडावरचा भाग किंवा बुडालेली बाभूळ, त्यांनी सरळ हाच घ्यावा. सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा किंवा पैनगंगेवरचं इसापूर यांसारख्या मोठ्या पाण्यात लांब फेक लागते, वारा तोंडावर असतो आणि लूअर रोज बदलतो : आज स्पिनरबेट (फिरत्या पात्याचा लूअर), उद्या चमचा (चकचकीत धातूचा लूअर), परवा बुडणारा प्लग. ७ ते २१ ग्रॅमच्या मध्ये हे सगळं बसतं. नदीच्या डोहात शिवडा लागला तरी त्याच्या लांब धावेला वाकून साथ देणारा रॉड बरा पडतो. विरळ कमळात मीडियम हेवीवर बेडूकही चालतो. घट्ट जाळीत मात्र तो कमी पडतो, हे घेतानाच मान्य करून ठेवा.

तिसरा एक उमेदवार आहे, साडेसहा फुटी मीडियम मॉडरेट. क्रँकबेट, म्हणजे ओढला की डुबकी मारणारा प्लग, वापरणाऱ्यांचा लाडका. मधून वाकतो, त्यामुळे तिहेरी गरीवरचा मासा सुटत नाही. चांगला रॉड, पण पहिला म्हणून नको. आणि ज्यांच्याकडचे लूअर ७ ग्रॅमच्या आतले आहेत, सांडव्याखाली छोटे मासे धरायचा नाद आहे, त्यांनी कास्टिंगच्या वाटेलाच जाऊ नये. त्या वजनाला स्पिनिंग सेट (ज्यात रील दांड्याच्या खाली असतं तो) बरा, आणि तो बहुधा घरात असतोच.

एकच रॉड घ्यायचा असेल तर माझं मत मीडियम हेवी. अपवाद फक्त त्यांचा, ज्यांचं दहातल्या आठ वेळा पाणी म्हणजे गावचा कमळाचा तलाव. त्यांनी बाकीच्यांचं ऐकू नये, हेवी घ्यावा.

पैसे कुठं घालायचे? रीलमध्ये. स्वस्त रॉड फेक थोडी कमी करेल; स्वस्त बेटकास्टिंग रील ब्रेक नीट धरणार नाही आणि निम्मी संध्याकाळ गुंता सोडवण्यात जाईल. पाळीवर कोणी ना कोणी बसलेलं असतंच आणि विचारतंच, "काहून जी, एवढ्या महागाच्या काठीनं जास्त सापडते का?"

ग्रॅफाइट की फायबरग्लास, यावर लोक फार वेळ घालवतात. ग्रॅफाइट हलका, माशाची बारीक टोचणी हातापर्यंत पोचवतो, पण दगडावर आपटला की कुठं तरी चीर जाते. फायबरग्लास जड आणि आडदांड. दोन्हींचं मिश्रण असलेले रॉड मोटारसायकलवर फिरणाऱ्याला बरे. ग्रॅफाइटबद्दल एक गोष्ट मात्र गांभीर्यानं घ्या : त्यातून वीज वाहते. शेतातून तलावाकडं जाताना कृषिपंपांच्या लोंबलेल्या तारा असतात, तिथं सात फुटी रॉड उभा धरून चालू नका. पावसाळ्यात गडगडाट ऐकू आला की रॉड आडवा ठेवून पाळीवरून उतरा.

एक तुकडा की दोन? अखंड रॉड छान वाकतो, पण २१३ सेंटिमीटरची काठी एसटीत उभी राहत नाही आणि दुचाकीवर आडवी मावत नाही. दोन तुकड्यांत फरक पडतो तो बहुतेकांना हाताला कळतही नाही. एकात एक सरकणारा टेलिस्कोपिक मात्र बेडकाच्या कामाला घेऊ नका, सांधे जास्त म्हणजे कच्च्या जागा जास्त.

पाणी कुणाच्या ताब्यात आहे तेही बघून ठेवा. मामा तलावांची मासेमारी बहुतेक ठिकाणी ढिवर बांधवांच्या सहकारी संस्थांकडं ठेक्यानं असते. त्यांना विचारल्याशिवाय दोर टाकू नये. अभयारण्याच्या हद्दीत तर काठी न्यायचीच नाही. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिलांचा थवा उकळल्यासारखा हलताना दिसला तर खाली मायबाप राखणीला असतात आणि समोर येईल त्यावर धावतात. तेव्हा ती मरळ सहज लागते, म्हणूनच तिला सोडून द्यावी. ती गेली की पिलं उघड्यावर पडतात.

दुकानात गेलात तर आपलं रील सोबत न्या. ते सीटमध्ये (दांड्यावरच्या रीलच्या जागेत) बसवा, ट्रिगर (सीटखालचा बोट अडकवायचा आकडा) बोटाला खुपतो का बघा. मग दोर सगळ्या कड्यांतून ओवून टोक दुसऱ्याला धरायला सांगा आणि रॉड हळूहळू वाकवा. कास्टिंग रॉडच्या कड्या वरच्या बाजूला असतात; कड्या कमी असतील तर वाकताना दोर दांड्याला घासतो. घासला तर तो रॉड परत ठेवा. शेवटी कापसाचा बोळा प्रत्येक कडीच्या आतून फिरवा. तंतू अडकले तर आतल्या चकतीला चीर आहे, आणि ती चीर ब्रेडला थोड्याच दिवसांत खाऊन टाकते. ऑनलाइन मागवलात तर हीच तपासणी पार्सल फोडल्या फोडल्या करा, परत करायची मुदत संपायच्या आत.