कम्युनिटी कॉलेजसाठी घेतलेलं फेडरल लोन: चौदा महिन्यांनंतर

पुण्याची बी.कॉम., मध्ये बारा वर्षं घर-संसार आणि ऑगस्ट २०२४ मध्ये न्यू जर्सीतल्या आमच्या काउंटीच्या कॉलेजात पुन्हा विद्यार्थिनी. कंटिन्युइंग एज्युकेशनच्या कॅटलॉगमधला बुककीपिंगचा कोर्स आधीच पसंत केला होता. लोन मागायला गेले तर खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, हा नॉनक्रेडिट आहे, म्हणजे पदवी-सर्टिफिकेटच्या क्रेडिट्समध्ये (अभ्यासाच्या गुणांकांत) न धरला जाणारा, याला फेडरल, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारचं, लोन नाही. जवळपास तेच विषय क्रेडिटच्या अकाउंटिंग सर्टिफिकेटमध्ये आहेत आणि तिथे मिळतं, पण सेमिस्टरला किमान ६ क्रेडिट्स घ्यायची. कॅटलॉगात हे कुठेही ठळक लिहिलेलं नव्हतं, त्याचा राग अजून आहे.

माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे म्हणून जमलं. एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असाल तर फॅफ्सा, म्हणजे सरकारी शिक्षणमदतीचा अर्ज, भरून उपयोग नाही. पदवी आधीच असल्यामुळे पेल ग्रँट (परत न करायची सरकारी मदत) नाही, नवऱ्याच्या पगारामुळे सबसिडाइज्ड, म्हणजे शिकत असताना सरकार व्याज भरतं ते लोनही नाही. मिळालं ते अनसबसिडाइज्ड, ६.५३ टक्क्यांनी, ३,५०० डॉलर, दोन हप्त्यांत. प्रत्येक हप्त्यातून अठराएक डॉलर फी आधीच कापली. पहिल्यांदाच कर्ज घेणारी म्हणून पहिला हप्ता तीस दिवस उशिरा आला. तोवर पुस्तकं क्रेडिट कार्डवर! ट्यूशन जाऊन उरलेले पैसे खात्यात पडले तेव्हा क्षणभर बरं वाटलं, पण तेही कर्जच. व्याज पहिल्या दिवसापासून चालू, महिन्याला साधारण १९ डॉलर. ते मी दर महिन्याला भरते, म्हणून मुद्दल वाढलेलं नाही.

खरी धावपळ एप्रिलमध्ये झाली. आईच्या ऑपरेशनसाठी सांगलीला जावं लागलं, दोनातला एक कोर्स सोडला, उरली ३ क्रेडिट्स. तिकडे असतानाच सर्व्हिसरची (लोनची वसुली बघणाऱ्या कंपनीची) ईमेल: तुमचा सहा महिन्यांचा ग्रेस पीरियड, म्हणजे हप्ते सुरू होण्याआधीची सवलतीची मुदत, सुरू झाला. हाफ-टाइमच्या, म्हणजे त्या ६ क्रेडिट्सच्या, खाली गेलं की घड्याळ चालू होतं, हे एन्ट्रन्स काउन्सेलिंगमध्ये (लोन घेण्याआधीच्या ऑनलाइन माहितीसत्रात) होतं म्हणे. मी ते भाजी फोडणीला टाकता टाकता क्लिक करत संपवलं होतं. सप्टेंबरमध्ये परत ६ क्रेडिट्स घेतली, त्यामुळे ग्रेस पुन्हा पूर्ण मिळाला. सोडलेला कोर्स मात्र, मदत चालू राहण्यासाठी कॉलेज ठेवतं त्या प्रगतीच्या हिशेबात अपूर्ण म्हणून राहिला.

टॅक्सच्या वेळी लाइफटाइम लर्निंग क्रेडिट ही करसवलत विसरू नका. उत्पन्न मर्यादेत असेल तर ट्यूशनच्या २० टक्क्यांपर्यंत कर कमी होतो, लोनमधून भरलेली ट्यूशनही धरतात. आणि गंमत म्हणजे, नोकरीच्या कौशल्यासाठीचा नॉनक्रेडिट कोर्सही तिथे चालतो.

या वर्षी लोन घेतलेलं नाही. दोन कोर्सची फी कॉलेजच्या हप्त्यांच्या योजनेतून भरतेय.