जेम्स कोनंटचं चरित्र (ऑडिओबुक), ५ पैकी ४

इंग्रजीत आहे, आणि चांगलंच लांब. भांडी घासताना नि रात्री झोप लागेपर्यंत असं तुकड्या-तुकड्यात ऐकलं, तीन आठवडे गेले.

कोनंट मूळचा ऑरगॅनिक केमिस्ट, क्लोरोफिलवर काम केलेला. नोबेलवाल्या गुरूच्या, म्हणजे थिओडोर रिचर्ड्सच्या मुलीशी लग्न ठरलं तेव्हा तिला म्हणाला, आधी देशातला एक नंबरचा केमिस्ट होणार, मग हार्वर्डचा अध्यक्ष, मग मंत्रिमंडळात. काय कॉन्फिडन्स! मंत्री नाही झाला, पण १९३३ला चाळिशीत हार्वर्डची खुर्ची मिळालीच. गरीब घरातली हुशार पोरं यावीत म्हणून स्कॉलरशिप चालू केली, निवडायला एसएटी ही प्रवेशपरीक्षा आणली, हा भाग मला अजून हवा होता पण लेखकाने भराभर उरकलाय.

खरा जीव अणुबॉम्बच्या चाप्टरमध्ये आहे. १६ जुलै १९४५, पहाट, न्यू मेक्सिकोचं वाळवंट, पहिल्या अणुबॉम्बची चाचणी, हा ताडपत्रीवर पालथा पडलेला, शेजारी बॉम्ब प्रकल्पाचा लष्करी प्रमुख जनरल ग्रोव्हज. उजेड इतका वेळ टिकला की याला क्षणभर वाटलं वातावरणानेच पेट घेतला, संपलं सगळं. आणि त्याच्या दीड महिना आधी, बॉम्ब कसा वापरायचा यावरच्या ३१ मेच्या मीटिंगमध्ये, टार्गेट म्हणून भरपूर कामगार असलेला आणि भोवती कामगारांचीच घरं असलेला युद्धसामग्रीचा कारखाना घ्यावा, असं यानेच सुचवलेलं. वाचणारा हे मीटिंगचा अजेंडा वाचावा तसं सरळ वाचून जातो. मी तिथे पॉज करून हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिले. हाच माणूस १९४९ला हायड्रोजन बॉम्बला विरोध करतो. लेखकाने त्याला ना देव्हाऱ्यात बसवलंय ना शिव्या घातल्यात, त्यासाठीच चार स्टार.

१९५३नंतरचं जर्मनी, आधी अमेरिकेचा हाय कमिशनर मग राजदूत, ते जरा रटाळ आहे, मी स्पीड दीडपट केला.

एक स्टार कापला तो अ‍ॅपमुळे. चाप्टरना नावं नाहीत, नुसते नंबर, आणि फोन आला की कुठे होतो ते विसरतं, त्यामुळे पहिल्या महायुद्धातला ल्युइसाइट नावाच्या विषारी वायूचा कारखाना माझा तीनदा ऐकून झालाय. कुठे थांबलात ती वेळ कागदावर लिहून ठेवा.