हाइनची पोरं, लेव्हिटची पोरं

छायाचित्रकार लुईस हाइन १९०८पासून अमेरिकेतल्या गिरण्या-खाणींतली बालमजुरी टिपत हिंडला. तिकाटण्यावरचा बोजड कॅमेरा, भपकन पेटणारी फ्लॅश पावडर. चोरून काढायची सोयच नाही. मग कधी बायबल विकणारा बनून आत शिरायचं, पोराला यंत्राशेजारी उभं करायचं, आपल्या कोटाच्या बटणांवरून त्याची उंची जोखायची आणि खिशातल्या खिशात टिपण खरडायचं. पोर थेट आपल्याकडे बघतं. फोटो कसला, साक्षीपुरावाच तो.

दुसरी छायाचित्रकार हेलन लेव्हिट. तिच्याकडे छोटा लायका कॅमेरा, त्याला काटकोनी व्ह्यूफाइंडर. तोंड एकीकडे, नेम दुसरीकडे! १९४०च्या सुमाराचं न्यूयॉर्क: दोन पोरं फुटक्या आरशाची रिकामी चौकट धरून उभी, तिच्यापलीकडे तीनचाकीवर एक, बाकीची रस्त्याकडेला वाकून काचा वेचतायत. कुणाचं नाव नाही, वय नाही. शीर्षक म्हणून नुसतं ‘न्यूयॉर्क’.

कायदा हलवायचा असेल तर हाइनच हवा. घरच्या पोरांसाठी मात्र मी लेव्हिटकडे झुकतो, जरी न विचारता नेम धरणं आज जरा खटकतंच. माझा भाचा तर कॅमेरा दिसला की दात काढून उभाच राहतो.